मोकळं केलेलं रान

पिंजरा उचलायला सहा माणसं लागतात. चौघांनाही तो उचलता येतो, पण पाणी दिलेल्या उसाच्या सरीत एकाचा पाय रुतला की सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो, म्हणून सहा. ठसे कुठल्या बांधावर आहेत ते सकाळीच बघून ठेवायचं. पिंजऱ्याचं तोंड त्या वाटेकडे करायचं. तळाच्या पत्र्यावर त्याच शेतातली माती पसरायची, कारण पंजाला लोखंड गार लागलं की जनावर मागं फिरतं. वरून पाचट टाकायचं. मागच्या कप्प्यात शेळी, तिच्यापुढे चारा आणि पाण्याचं घमेलं. शेळी एकटी पडली की ओरडते, आणि तिनं ओरडावं म्हणूनच तिला तिथं ठेवलेलं असतं. शेवटी दाराचा खटका दोनदा पाडून बघायचा आणि निघून जायचं.

हे काम मी तीस वर्षं केलं. १९९४ साली वनरक्षक म्हणून लागलो आणि २०२४ मध्ये वनपाल म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं सोडली तर सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गेली. घरी एक दोनशे पानी वही आहे. सरकारी नाही, माझी स्वतःची. पकडलेल्या प्रत्येक बिबट्याची तारीख, गाव, नर की मादी, वयाचा अंदाज, दातांची अवस्था आणि शेवटच्या रकान्यात ‘कुठे सोडला’. निवृत्तीनंतर ती वही दोनदा वाचली. पहिले पाच रकाने वाचताना काही वाटत नाही. शेवटचा रकाना मात्र अजून मला झोपू देत नाही, आणि हा लेख त्या रकान्यापायी लिहितो आहे.

आमच्याकडे शेतालाही रान म्हणतात आणि जंगलालाही रानच. ‘रानात गेलाय’ म्हटलं तर माणूस कांद्याला पाणी द्यायला गेला असेल किंवा डोंगरावर लाकडं आणायला. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात या दोन रानांमध्ये पक्की रेघ होती. पश्चिमेला माळशेज, भीमाशंकर, आहुपे हे त्याचं रान. पूर्वेला ओतूर, नारायणगाव, बेल्हे, पारगाव, निरगुडसर हे आपलं. तो इकडे आला की चुकून आला, त्याला धरायचं आणि तिकडे नेऊन सोडायचं. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं आणि गावकऱ्यांनाही हेच हवं होतं. ही रेघ जमिनीवर कुठेच नव्हती.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, आणि आंबेगावात घोड नदीवर डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच बुडालं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कालव्यांचं पाणी पूर्वेच्या माळावर आलं आणि बाजरी-मटकीच्या जागी ऊस उभा राहिला. विघ्नहर कारखाना झाला, भीमाशंकर कारखाना झाला. आडसाली ऊस दीड वर्ष जागचा हलत नाही. आत सावली, गारवा, कडेला पाटाचं पाणी आणि माणूस सहसा आत शिरत नाही. बिबट्याच्या मादीला शंभरेक दिवसांत पिल्लं होतात. उसात जन्मलेलं पिल्लू त्याच उसात धावायला, लपायला आणि पहिली शिकार करायला शिकतं. त्याच्या दृष्टीनं जंगल तेच. भीमाशंकरला भेकर आहे, सांबर आहे, पण त्याच्या आईनं त्याला भेकर कधी दाखवलेलंच नसतं. तिनं दाखवलेली असतात ती वस्तीवरची कुत्री, रानडुकरं, शेळ्या आणि कुक्कुटपालनाच्या शेडमागे फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या.

हे सगळं मला आज माहीत आहे. २००१ मध्ये माहीत नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून बिबटे धरून लांब सोडण्याचं काम जोरात सुरू झालं. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात आकडे आहेत. २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर ते वर्षाला १७ झाले. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. हा अभ्यास माझ्या हातात पडला तेव्हा मी तो वहीशेजारी ठेवून वाचला. त्यातल्या काही ओळी माझ्या अक्षरातल्याच होत्या म्हणा ना.

एक ओळ सांगतो. जुन्नरच्या पूर्व भागात एक नर अडकला होता. सहा-सात वर्षांचा, डावा कान खालपर्यंत फाटलेला, वरचा एक सुळा मोडका. आम्ही पिंजऱ्यावर बारदान टाकलं. अंधार झाला की जनावर शांत होतं, नाहीतर गजांवर धडका देऊन तोंड फोडून घेतं. भोवती हजारभर माणसं होती. पोरं झाडांवर चढली होती, म्हाताऱ्या बाया हात जोडत होत्या. रात्री गाडी निघाली आणि घाटात, रस्त्यापासून आत, आम्ही दार उचललं. तो बाहेर आला, दोन पावलं चालला, उभा राहिला आणि त्यानं मान पूर्वेकडे वळवली. आलो त्या दिशेला. मग झुडपात गेला. मी सहकाऱ्याला म्हणालो, सुटला बिचारा. वहीत लिहिलं, ‘घाटात सोडला. तब्येत चांगली.’

पाच महिन्यांनी पहिल्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर एक बिबट्या अडकला. डावा कान फाटलेला, सुळा मोडका. तेव्हा आमच्याकडे मायक्रोचिप नव्हती. पुढे शेपटीच्या मुळाशी चिप टोचू लागलो आणि कोणता बिबट्या कोणता हे सिद्ध करता येऊ लागलं. त्यामुळे तोच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मी त्याला दोनदा बघितलं आहे. पहिल्या वेळी तो गुरगुरत होता. दुसऱ्या वेळी गुरगुरत नव्हता, नुसता बघत होता. बरगड्या मोजता येत होत्या. त्या पाच महिन्यांत तो कुठून कुठे चालला असेल, किती दुसऱ्या नरांच्या हद्दीतून मार खात आला असेल, आणि वाटेत उपाशीपोटी कुठल्या अंगणात शिरला असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

बिबट्या किती चालतो याचा पुरावा पुढे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, आणि महिन्याभरात तो रस्ते, रेल्वे ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर ‘आजोबा’ हा चित्रपटही निघाला. लोकांनी ती नवलाची गोष्ट म्हणून बघितली. मी फाटक्या कानाचा आठवत बसलो.

बिबटे लांब नेऊन सोडण्याच्या त्या वर्षांतला एक पंचनामा सांगायला हवा. टाळला तर बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

उसाच्या कडेला वस्ती होती. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. संध्याकाळी सातचा सुमार, वीज गेलेली. पोरगी पडवीतून चार पावलं खाली उतरली होती. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. नाव लिहिलं, गाव लिहिलं. लिहिताना मी मोठ्यानं बोलत होतो. वयाच्या जागी ‘चार वर्षे’ म्हणालो. भिंतीला टेकून बसलेली आजी, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, “चार नाही झाली अजून. दसऱ्याला होणार होती.” मी चार खोडून साडेतीन केलं. खाडाखोड केलेला तो कागद तसाच वर गेला.

तिचा बाप मला गाडीपर्यंत सोडायला आला. रडत नव्हता. म्हणाला, “साहेब, तुम्ही वाघ धरता ते मी बघितलंय. धरलेला वाघ पुढं कुठं सोडता?”

आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, कारण दिलंच नसणार. त्या तालुक्याच्या डोंगरात चार महिन्यांपूर्वी दुसरीकडचा एक वाघ सोडून आलेल्या गाडीत मी बसलो होतो. तोच वाघ या अंगणात आला याचा पुरावा नाही. नव्हता असाही पुरावा नाही.

आज मृत्यूनंतर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, वेळेवर मिळाले पाहिजेत. पण मी जितक्या घरांत हा विषय काढला त्यातल्या एकाही घरात कुणी रकमेविषयी आधी विचारलं नाही. सगळ्यांनी आधी वाघाचंच विचारलं.

पिल्लांच्या बाबतीत आम्ही असेच चुकलो. मी स्वतः चुकलो. ऊसतोडीच्या दिवसांत फडात कोयता चालू असताना पाचटात मांजरीएवढी दोन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडलेले. टोळीतल्या बाया म्हणाल्या, त्याची आय येईल, आम्हाला कोप्यांत लेकरं आहेत, आधी हे घेऊन जा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पिल्लं बारदानाच्या पोत्यात घातली आणि घेऊन आलो. शेळीचं दूध पाजलं. एक तिसऱ्या दिवशी मेलं. आणि त्या फडाभोवती मादी चार रात्री ओरडत फिरली. एका रात्रीत दोन वस्त्यांवरची वासरं मारून नुसती टाकून गेली. खाल्ली नाहीत. वासरांचे पंचनामे करतानाही माझ्या लक्षात आलं नव्हतं की ती खायला आली नव्हती, शोधायला आली होती.

नंतर रीत बदलली. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झालं, २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनविभागाबरोबर ते चालवते. त्यांच्या डॉक्टरांकडून आम्ही खूप शिकलो. आता पिल्लं सापडली की तोड थांबवायची, मोजे घालून पिल्लं तपासायची आणि अंधार पडायच्या आत ती सापडली त्याच जागी नेऊन ठेवायची. ठेवतो कशात, तर टोमॅटोच्या क्रेटमध्ये. नारायणगावच्या बाजारामुळे ते आमच्याकडे घरोघरी असतं. वर दुसरं क्रेट नुसतं टेकवायचं, आणि समोर कॅमेरा.

पहिल्यांदा हे केलं त्या रात्री मी पाचशे फुटांवर गाडीत बसलो होतो. तीन पिल्लं होती. सकाळी कॅमेऱ्यात बघितलं. मादी सव्वानऊला आली. आधी लांबूनच क्रेटला फेरी घातली. मग बसली, चांगली दहा मिनिटं बसून राहिली. मग पुढच्या पंजानं क्रेट आडवं केलं, एकाची मान तोंडात धरली आणि गेली. पाऊण तासानं आली, दुसरं नेलं. तिसरं क्रेटमधून बाहेर पडून पाचटात गेलं होतं, ते तिनं वासावर शोधलं. त्या हंगामात त्या शिवारात एकही वासरू गेलं नाही. पोत्यातल्या दोन पिल्लांची ओळ माझ्या वहीत आहे आणि या तिघांचीही आहे. दोन्हींमध्ये बारा वर्षं गेली.

विहिरींचं थोडक्यात सांगतो, कारण ते लोकांना माहीत असतं. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या कुत्र्यामागे धावताना पडतो, मोटारीच्या पाइपाला नख्या रोवून रात्रभर तरंगतो. चार दोर बांधून बाज खाली सोडायची. तो बाजेवर चढला की अर्धं काम झालं. खरी अडचण विहिरीच्या काठावरच्या माणसांची असते.

आता एका सभेविषयी.

आंबेगावातल्या एका गावात मंदिरापुढे सभा भरली होती. पंधरा दिवसांत अकरा शेळ्या आणि एक गाय गेली होती. गावातलाच एक तरुण न्यूझीलंडला दुधाच्या फार्मवर नोकरीला आहे, तो सुटीवर आला होता. तो उठून म्हणाला, “तिकडं हरणं वाढली की सरकार बंदूकवाले लावतं. हेलिकॉप्टरनं मारतात. मोजायचं, ठरवायचं, मारायचं. आपल्याकडं वाघाचं हे का होत नाही?” टाळ्या पडल्या. मी कायदा सांगितला: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, बिबट्या पहिल्या अनुसूचीत, माणसाच्या जिवाला धोका ठरला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी-आजारी असला तरच आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानंच मारता येतो. कायद्याला टाळ्या पडत नाहीत.

सभा संपल्यावर मी त्या मुलाला गाठलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही देवळाच्या पायरीवर तासभर बसलो. त्यानं सांगितलं की तिथली हरणं तिथली नव्हेतच. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेखातर बोटीतून आणून सोडली. तिथं त्यांना खाणारं कुणी नाही, ती वाढली, डोंगरावरची रोपं संपवू लागली, माती सुटू लागली. १९३० नंतर सरकारनं पगारी शिकारी नेमले. मी विचारलं, मग संपली का? म्हणाला, “नाही. मारत राहावं लागतं. थांबलं की परत वाढतात.” आणि आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, जी मला त्या दिवसापासून सोडत नाही. शिंगवाला मारला की फोटो छान निघतो, कळप कमी होत नाही. कमी करायचा तर माद्या माराव्या लागतात.

पुढे मी अंदमानच्या चितळांविषयीही वाचलं. इंग्रजांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नेली. तिथं वाघ नाही, बिबट्या नाही. चितळं या बेटावरून त्या बेटावर पोहत जातात आणि कोवळी रोपं उगवूच देत नाहीत. आपल्या मुख्य भूमीवरचं ते देखणं हरीण तिथं परकं आहे आणि नासधूस करतं, कारण इथला बिबट्या तिथं नाही. तिथं ते कमी करावं लागेल याविषयी माझं दुमत नाही.

पण आमच्या शिवाराला समुद्र नाही. उत्तरेला अकोले आहे, संगमनेर आहे, पूर्वेला पारनेर, दक्षिणेला खेड, शिरूर. अकोल्यात अभ्यास झाला तेव्हा शेतशिवारात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. इथला एक नर उचलला की त्याची हद्द मोकळी होते. शेजारचे दोन तरणे नर ती हद्द बघायला येतात. त्यांना इथली कुठली वस्ती कधी जागी असते, कुठल्या वाटेनं माणसं जातात हे माहीत नसतं. जुन्या नराला माहीत होतं. आणि माझ्या वहीचं म्हणाल तर पिंजऱ्यात बहुतेक वेळा हे हिंडते, कोवळे नरच अडकलेत. जाणती मादी शेळीचं ओरडणं ऐकते आणि पिंजऱ्याला वळसा घालून जाते. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं शिंगवालाच मारत होतो, गावाला फोटो देत होतो. रान मोकळं केलं असं वाटायचं आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत ते भरलेलं असायचं.

याचा अर्थ बिबट्याला कधीच मारू नये असं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लेकरं होती. लोक महामार्गावर उतरले. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ती घालायलाच हवी होती. माणसावर सरावलेला बिबट्या शिवारात ठेवणं हा त्या शिवारातल्या लोकांवर अन्याय आहे, आणि इतर बिबट्यांवरही, कारण एकाचा राग मग सगळ्यांवर निघतो. मी नोकरीत असतो तर त्या प्रस्तावावर सही केली असती.

त्याच दिवसांत तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना लोकांनी पाहिल्या. धनगर लोक आपल्या कुत्र्यांना तसे पट्टे घालतात, वाघानं नरडं धरू नये म्हणून. मी ते लहानपणापासून कुत्र्यांच्या गळ्यात बघितलेत. खुरपायला बसलेली बाई पाठीमागून बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखी दिसते, म्हणून तिला पट्टा. वर्तमानपत्रातला तो फोटो बघून मी खुर्चीत बसून राहिलो. माझी आई खुरपायला जायची.

आता माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायचं चाललं आहे. मला तो विचार पटतो, कारण त्यात पहिल्यांदा शिंगवाल्याऐवजी कळपाकडे बघितलं जातंय. मादी आपल्या हद्दीत राहील, दुसरीला येऊ देणार नाही, आणि पिल्लं होणार नाहीत. पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील, आणि ती धरायला त्या जाणत्या माद्याच अवघड आहेत. काही बिबटे गुजरातमधल्या जामनगरच्या प्राणी केंद्रात पाठवले गेले, जंगलात शेळ्या सोडाव्यात अशीही सूचना आली. जे उसातच जन्मलं त्याला जंगलात शेळी सोडून काय कळणार, हे मला उमगत नाही.

पश्चिमेच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांत वाघबारस पाळतात. शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा असतो, दिवाळीच्या तोंडावर त्याला खिरीचा नैवेद्य दाखवतात. तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, “तुम्ही पूर्वेच्या लोकांनी वाघाला कुठं जागा दिलीय?” मी म्हणालो, आमच्याकडे त्याचं देऊळ नाही. म्हणाला, “देऊळ नाही विचारलं. वाट कुठं ठेवलीय?” शिवारात सलग ऊस लावताना आपण ओढ्याकाठची झाडीसुद्धा काढली, तेव्हा त्याची वाट आणि आपली वाट एकच झाली.

२०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरची २३३ गावं बिबट आपत्तिप्रवण म्हणून जाहीर झाली. आपत्ती म्हटलं की पैसा येतो, पिंजरे येतात, सायरन येतात. येऊ द्यावेत. पण पिंजऱ्याखेरीज इथल्या गावांना तीस वर्षांत मी एक मागणी एका सुरात करताना ऐकलं आहे: शेतीपंपाला दिवसा वीज. रात्री दोनला मोटार चालू करायला एकट्या माणसानं उसाच्या कडेनं जायचं नसेल तर निम्मं काम झालं. उरलेल्यात वस्तीभोवती वीस-पंचवीस फूट ऊस लावू नये, मेलेल्या कोंबड्या पुराव्यात, शेळ्यांना जाळीचा गोठा असावा, संडास घरात असावा आणि मेंढरांच्या वाड्यांना कुंपण मिळावं. यातलं काहीही पिंजऱ्याइतकं महाग नाही. पिंजऱ्याला गर्दी जमते, गोठ्याच्या जाळीला जमत नाही, म्हणून पिंजरा आधी मागितला जातो आणि आधी दिला जातो. मीही आधी पिंजराच देत आलो.

माझ्या घरामागे दोन एकर ऊस आहे. भावाचा आहे. गेल्या आठवड्यात पहाटे बांधावर ठसे दिसले, मोठे आणि त्यांच्या शेजारी दोन लहान. भावानं फोन करून पिंजरा मागवायचं म्हटलं, मी नको म्हणालो. बांधावर दिवा लावलाय, शेळ्या आत घेतल्यात, कुत्रं घरात झोपतं, आणि पुतण्याची शाळेची वाट ऊस तुटेपर्यंत रस्त्यानं केली आहे. तोड जानेवारीत आहे. टोळीच्या मुकादमाला मी आताच सांगून ठेवलंय, तेच इथं वाचणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला आणि मुकादमाला सांगतो: फड एका बाजूनं तोडत या, चारी बाजूंनी वेढू नका, तिला निघायला वाट राहू द्या. पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटोला जमू नका. कोयता थांबवा, पोरांना कोपीत घ्या आणि १९२६ ला फोन करा. एक रात्र द्या. ती येऊन घेऊन जाते.